बोटीवरचा चहा

नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो, ही मात्र विसरलेलो नाही. साठ सालच्या सुमारास मी रेवदंड्याला फौजदार होतो. शिपायापासून वर चढलेला, म्हणून वरच्यांच्या डोळ्यांत सलणारा.

एका दुपारी बोटीच्या सारंगाचा निरोप आला. मुंबईहून चढलेला नागावचा एक म्हातारा बरळत होता. चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, जीभ कोरडी. खाण्यापिण्यात धोतऱ्याचे विषारी बी घालून प्रवाशांना लुटणारे आम्हाला ठाऊक होते. म्हाताऱ्याने बोटीवर फक्त चहा घेतला होता, म्हणून तो विकणाऱ्या बोर्लीच्या चहावाल्याला ताब्यात घेतले.

"साहेब, त्याच किटलीतला चहा अख्ख्या बोटीनं प्यायला," तो म्हणाला.

मी संतापून दोन थपडा लगावल्या. वरिष्ठ म्हणाले, "कबुली घ्या." मी तपासाला चार दिवस मागितले, दोन मिळाले.

अलिबागच्या इस्पितळात म्हातारा हवेत बोटे हलवत होता. "माश्या धरतोय," नर्स म्हणाली. मी निरखून पाहिले. तो पान पसरत होता, वळत होता, ओठांना लावत होता.

म्हाताऱ्याचा मुंबईकर मुलगा म्हणाला, "बाबा विडीला शिवत नाहीत."

मी नागावला म्हाताऱ्याच्या बायकोकडे गेलो.

"आजी, आजोबा औषध काय घेतात?"

"कायबी न्हाय. बोट लागते म्हणून मुंबईच्या डाक्टरनं ओकारीची गोळी लिहून दिली, तेवढीच."

"आणि ओढतात काय?"

तिने आवाज खाली आणला. "डाक्टरला सांगणार न्हाय ना?"

"नाही सांगणार."

"दम लागला की धोतऱ्याच्या पानाची विडी. वर्षानुवर्षं ओढतात. पोराला ठाव न्हाय."

शब्द मोडून मी इस्पितळातल्या डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "ती गोळीही तोंड सुकवते, डोकं जड करते. धोतराही तेच करतो. म्हाताऱ्या शरीराला दोन्ही एकदम झेपलं नाही."

शुद्धीवर आल्यावर म्हाताऱ्याने जबाब दिला. गोळी घेतली, वाऱ्याने दम लागला, मागे बसून दोन विड्या ओढल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरे काही औषध घेता का, असे विचारले होते, तो नाही म्हणाला होता. ते खोटे नव्हते. विडीला तो औषध मानतच नव्हता.

अहवालात तपास वरिष्ठांच्या नावावर गेला. तो सल अजून आहे.

सुटताना चहावाला म्हणाला, "आता माझा चहा कोण पिणार? आठवडाभर बोटीवर येऊन सगळ्यांसमोर प्या."

"एक दिवस येतो."

"थपडा दोन होत्या, साहेब."

तीन दिवसांवर सौदा ठरला. पहिल्या दिवशी मी एकटाच प्यायलो. तिसऱ्या दिवशी सारंगाने स्वतःहून कप मागितला. आरोपी सुटला की केस संपते, असे मी तोवर समजत होतो.