अप्पांचे डोळे की अप्पांची लेन्स?

"माझे डोळे गेलेत का लेन्स गेलीय, एवढंच सांगा," मन्मथअप्पा म्हणाले आणि पिशवीतून लेन्स काढून काउंटरवर ठेवली.

मी नांदेडला कॅमेरा रिपेअरिंग करतो. लोक माझ्याकडे दुरुस्तीला येतात, निकाल लावून घ्यायला येत नाहीत. अप्पा उदगीरचे जुने फोटोग्राफर. सोबत मुलगा बसवराज. स्टुडिओ आता तोच बघतो.

"भोकरला आमच्याच पाहुण्यात लग्न झालं," बसवराज म्हणाला. "अप्पांचे समदे फोटो पांढुरके आले. फोकसबी न्हाई. आता उमरीचं लग्न आलंय, तेबी घरातलं. त्यांना अप्पाच पाहिजेत. मी म्हणून राहिलो, बस करा आता. डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितलाय."

"कच्चा हाय म्हणला डॉक्टर. पिकला न्हाई."

"उन्हात भुरकं दिसतंय म्हणता का न्हाई?"

"कॅमेऱ्यातून दिसतंय. रस्त्यावर न्हाई दिसत."

प्रकरण माझ्या लक्षात आलं. उमरीला अप्पा जाणार की घरी बसणार, हे मी सांगायचं होतं.

लेन्स म्हणजे जुना मॅन्युअल झूम होता. यात ऑटोफोकस नसतो. डोळा लावून, हातानं रिंग फिरवून चित्र स्पष्ट करायचं. डोळा चुकला की फोटो चुकला. वर हा पुश-पुल, म्हणजे तीच मोठी रिंग पुढे-मागे सरकवली की चित्र जवळ येतं, लांब जातं. नव्या कॅमेऱ्यावर तो अॅडाप्टर लावून बसवतात.

मी तो माझ्या कॅमेऱ्यावर चढवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. बारीक अक्षरंसुद्धा खणखणीत आली.

"बघा," बसवराज म्हणाला. "लेन्स चांगली हाय."

अप्पा स्टुलावर बसले आणि पिशवीची घडी घालू लागले. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका फोटोनं माणूस घरी बसत होता.

मग मी लेन्सच्या मागून टॉर्च मारला. आत पांढरट थर! कॅमेरा घेऊन रस्त्यावर आलो, उन्हाकडे तोंड करून समोरच्या पानटपरीचा फोटो काढला. टपरी दुधात बुडाल्यासारखी आली. घरात लेन्स शहाणी, उन्हात वेडी. मोतीबिंदूची तक्रारही नेमकी अशीच असते.

"हा फोटो मी काढलाय," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू नाही. कॅमेऱ्यातही नाही."

"पांढुरकं ते लेन्सचं असंल," बसवराज म्हणाला, "पर फोकस गेला ते?"

समोर सगळं पांढरं दिसत असेल तर तरणाताठा माणूसही फोकस चुकवेल. पण अप्पांचे डोळे बरे आहेत, हेही त्यातून सिद्ध होत नव्हतं.

आधी थर कसला, ते बघायला हवं होतं. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ते नव्हते. तेल उतरलं असेल तर चकाकी दिसते. तीही नव्हती. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तो डिंक सुटला की कडेला इंद्रधनुष्य दिसतं आणि मग काही इलाज नसतो. मी मनातल्या मनात तेच ठरवून टाकलं होतं, पण रंग काही दिसेनात.

लेन्स टेबलावर उभी ठेवून चहा सांगितला. चहा पिऊन पुन्हा टॉर्च मारला तर थर एका बाजूला पातळ झालेला, दुसऱ्या बाजूला दाट. माझं डोकंच चालेना. बुरशी अशी फिरायला जात नाही.

"काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"मला कळत नाही," मी खरं सांगितलं.

शेवटी लेन्स खोलली. मोठी रिंग काढली तर खाली, नळीच्या खाचेत, बारीक पांढरी पूड. काळ्या फडक्यावर घेतली. बोटांत चोळली. पिठूळ लागली. नाकाजवळ नेली तर मंद सुवास आला. वास ओळखीचा होता, आठवत मात्र नव्हता. वर बघितलं तर अप्पा वाकून बघत होते आणि त्यांच्या कपाळावर तीन बोटांचं भस्म होतं.

"अप्पा, दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करता?"

"करतो की. हत्यारं हायत आपली."

"लेन्सला भस्म लावता?"

"लेन्सला कामून लावू? मी कॅमेऱ्याच्या पेटीला लावत होतो." ते थांबले. "आता पूजा हा करतो."

आम्ही दोघांनी बसवराजकडे बघितलं.

"मी रिंगवर लावतो," तो म्हणाला. "तीन बोटं. चांगलं भरून. लेन्स अप्पांची हाय म्हणून."

पुश-पुल झूम सायकलच्या पंपासारखा हवा आत ओढतो. बसवराज भक्तिभावानं बाहेर लावायचा, अप्पा झूम ओढायचे आणि भस्म आत जाऊन काचेवर बसायचं. पोरानं बापाचा मोतीबिंदू घरीच पिकवला होता.

काचा पुसून लेन्स जोडली आणि कॅमेरा अप्पांच्या हातात दिला. आता मी भ्यालो होतो. लेन्स स्वच्छ झाली, म्हणजे यापुढे चूक निघाली तर ती अप्पांचीच.

त्यांनी बसवराजला दुकानाच्या दारात उभं केलं, पाठीमागे ऊन. झूम पुढे ओढला, रिंग सावकाश फिरवली. जरा पुढे, जरा मागे, पुन्हा जरा पुढे. बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघताच कॅमेरा मला दिला.

"पापण्या दिसतात का?"

मी फोटो मोठा करून बघितला. पापण्या मोजता आल्या असत्या.

"दिसतात."

"मग आता ह्याचे डोळे तपासा," अप्पा म्हणाले.

बसवराज हसला नाही. फोन काढून बाहेर गेला. त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. "हाव. हाव, अप्पाच येणार. म्या न्हाई म्हणलो होतो, ते सोडा."

डोळ्याच्या डॉक्टरला पुन्हा दाखवा, एवढं मी अप्पांना बजावलं. ते माझ्या दुकानाचं काम नाही. पण तेव्हापासून जुना पुश-पुल झूम आला की टॉर्च मारण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, दसऱ्याला पूजा कोण करतं?