शोभा मॅडमची टकटक

चालत्या गाडीत शोभा मॅडम एकदम म्हणायच्या, "गप!" मी बोलत नसले तरी. मान पुढे, डोळे रस्त्यावर, कान इंजिनात. "चढाला वाजून राह्यलं, ऐका." टक टक टक, डब्यात खडे हलवल्यासारखं. बाई गं, शेजारी बसून माझाही जीव टांगणीला लागायचा!

भोकरदनहून टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही दोघी त्यांच्या पेट्रोल गाडीतून जायचो. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकल्या, स्वतःच्या पगारातून घेतली. त्याआधी कुठंही जायचं तर नवऱ्याच्या सवडीची वाट बघावी लागे. सर्व्हिसिंगनंतर इंजिन नॉक करायला, म्हणजे असं टकटकायला लागलं आणि नवरोबांना निमित्तच मिळालं. "बाईच्या हाताचा दोष हे. रविवारपर्यंत आवाज गेला न्हाई तं गाडी इकून टाकतो."

मग मॅडमना चैन कसली! मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून बॉनेट उघडायच्या. गॅरेजवाला म्हणाला, सगळंच एकदम बदलून टाकू. "बिलकुल न्हाई! एका टायमाला एकच. न्हाई तं दोष कशाचा ते कसं कळंल?" आधी पेट्रोल भरायचा पंप बदलला. टकटक तशीच. मग चढाला वरच्या गियरमध्ये रेटणं सोडलं. आवाज कमी झाला, गेला नाही. "म्हंजे थोडा दोष माझ्या हाताचा," म्हणून मोकळ्या. शनिवारी इंजिनातले स्पार्क प्लग काढायला लावले आणि त्यांचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघितला. सर्व्हिसिंगला भलतेच प्लग बसवले होते! बराबरचे घातले, गाडी चढावर नेली. चिडीचूप. मॅडमनी आनंदानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की काय सांगू.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर दारात नवरा आणि एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक गाडी चालवून आलं होतं, खूश होतं. नवऱ्यानं मॅडमपुढे हात केला. "दुसरी चावी दे."

"अहो, आवाज तर गेला."

"मंग बरंच झालं की. भाव चांगला येईल."

असा संताप आला मला! मॅडम मात्र कधी नव्हे त्या स्वस्थ उभ्या होत्या. "म्हंजे आवाजाचं काही न्हवतंच," त्या हळूच म्हणाल्या. गिऱ्हाइकाच्या हातातून चावी काढून घेतली. "भाऊ, गाडी माझ्या नावावर हे. इकायची न्हाई." मग मला म्हणाल्या, "बसा."

बसले. गाव मागं पडलं.

"मॅडम, कुठं चाललो?"

"माहीत न्हाई," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "कुणाला इचारून निघालेच न्हाई आज."