फोडणीचा कानोसा

नव्या घराच्या बाकी सगळ्या गोष्टी मी नवऱ्यावर सोडल्या होत्या. फरशी, रंग, दिवे, पडदे, त्याला हवं ते. स्वयंपाकघरात मात्र त्याने नाक खुपसायचं नाही, असं आधीच ठरवून टाकलं होतं. त्यातही माझा सगळा जीव चिमणीत. घर घोडबंदर रोडवर, बाविसाव्या मजल्यावर. ताबा मिळायच्या आधीपासून मी चिमण्यांचा अभ्यास करत होते. कोणती किती हवा खेचते, पाइप किती जाड लागतो, त्याला वळणं किती चालतात, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. पाइपासाठीचं भोक बिल्डरच्या माणसाने भलत्याच कोपऱ्यात पाडलं, तेव्हा मी त्याच्याशी अशी भांडले की पुढे मला बघितलं की तो जिन्याने जायचा. नवरा म्हणायचा, "तू घर लावतेयस की कारखाना टाकतेयस?"

मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. चिमणी मला माझ्यासाठी नकोच होती, ती आईसाठी हवी होती.

बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला, आमच्या चाळीतल्या जुन्या घरात एकटीच राहत होती. आम्ही दोघं ठाण्यात भाड्याने. आमच्याकडे ये म्हणून मी किती वर्षं तिच्या मागे लागले होते. "भाड्याच्या घरातला ओटा आपला वाटत नाही," असं म्हणून ती मला वाटेला लावायची. स्वतःचं घर झाल्यावर तयार झाली, पण अट घालून. "स्वयंपाक मी करणार. ज्या दिवशी मला ओट्यावरून उठवशील, त्या दिवशी डोंबिवलीला सोडायचं." वय पंच्याहत्तर, आणि तोरा असा. मी हो म्हटलं. आणि मनात ठरवलं, हिने आयुष्यभर धूर खाल्ला, आता हिच्या डोळ्यात धुराचा कण जाऊ द्यायचा नाही.

चाळीत आमच्या दोन खोल्या. आतली स्वयंपाकाची. तिला खिडकी नव्हतीच, छताजवळ वीतभर सिमेंटची जाळी होती. आईची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत अभ्यास करणारी मी पुस्तकाने वारा घेत खोकत बसायचे. दिवाळीला बाबा भिंतीला चुना मारायचे, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती पुन्हा पिवळी. कधी संध्याकाळी केमिकलच्या कंपन्यांच्या बाजूने उग्र वास यायला लागला की चाळीतली सगळी दारं धडाधड लागायची. मग जो धूर आत, तो आतच. पुढे बाबांनी जाळी फोडून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला, आणि त्याचं तोंड नेमकं गॅलरीत. त्या दिवसापासून आमच्याकडे काय शिजतंय ते सगळ्या मजल्याला कळायला लागलं. बांगडा तळला की शेजारच्या काकू वाटी घेऊनच यायच्या, उगाच आढेवेढे नाहीत.

आईचं नाक म्हणजे चाळीची मालमत्ता होती. चौथ्या खोलीतली डाळ लागायला आली की ही ओट्यापासून ओरडायची, "अगं, तुझी डाळ बघ, खाली धरतेय!" आणि तिकडून कुणीतरी धावायचं. मे महिन्यात वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या असल्या की ती आधी प्रत्येक दारात जाऊन सांगून यायची, "दारं लावून घ्या, मिरच्या घेतेय." पोरांची रवानगी मैदानात. तरी अर्धी चाळ शिंकायची आणि आईच्या नावाने बोटं मोडायची, आणि संध्याकाळी त्याच बायका मसाल्याचा रंग बघायला यायच्या. त्या ठसक्याची मला एक दिवस आठवण येईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आज येते. फार येते.

तर चिमणी बघायला आईला घेऊन मी ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथला सेल्समन उत्साही. "आजी, ही बघा, नुसता हात हलवला की चालू."

"आणि माशी हाकलली की बंद?" आईने विचारलं.

त्याने इंडक्शन दाखवलं, त्यावर ज्योतच नसते म्हणाला. आई म्हणाली, "मग शिजतंय हे समजायचं कसं?" मग काचेचा हॉब, म्हणजे ओट्यातच बसवायचा गॅस, त्यावरून तिने बोटं फिरवली आणि बटणं कुठे आहेत म्हणून विचारलं. ती काचेतच होती, नुसतं टेकवायचं बोट. तिने मान हलवली. शेवटी ठसठशीत, फिरवल्यावर खट्ट वाजणारी बटणं असलेला हॉब तिला पसंत पडला. तो त्या दुकानातला सगळ्यात ओबडधोबड हॉब होता. मी तिथे माघार घेतली.

चिमणीवर मात्र आमचं फाटलं. आई प्रत्येक चिमणी चालू करायला लावायची, तिच्याखाली मान वाकडी करून उभी राहायची आणि म्हणायची, "ही फार ओरडते." सेल्समन बिचारा सांगत होता की फुल स्पीडला सगळ्याच आवाज करतात. "मग मला आपला पंखा द्या, खिडकीतला," आई म्हणाली.

मला राग आला. इतका अभ्यास केला, बिल्डरशी भांडले, आणि हिला तोच तेलकट पंखा हवा! "आई, सवय होते गं आवाजाची."

"तुला होईल," ती म्हणाली. मी दुकानातली सगळ्यात जोरदार चिमणी घेतली. आपलं तेच खरं करायची सवय मला तिच्याचकडून आलीय.

गृहप्रवेशाला आमच्यात नव्या गॅसवर दूध उतू घालवतात. घरातल्या मोठ्या बाईने पातेलं ठेवायचं, दूध उतू गेलं की गॅस बंद करायचा आणि उरलेलं सगळ्यांना प्रसाद म्हणून द्यायचं. आईने पातेलं ठेवलं. पाहुण्यांना दिसावी म्हणून मी मोठ्या झोकात चिमणी फुल स्पीडला लावली. दूध वर आलं, काठावरून गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई हात जोडून उभी. दूध ओट्यावर आलं, ओट्यावरून नव्या ड्रॉवरवर, तिथून फरशीवर, तरी आई हात जोडूनच. कुणीतरी म्हणालं, "भरभरून उतू गेलं हो, बरकत आहे घराला!" तशी आई दचकली आणि हसून म्हणाली, "जाऊ दे की, चांगलंच असतं ते." शेवटी मीच पुढे होऊन गॅस बंद केला. पातेल्याच्या तळाशी कपभर दूध उरलं होतं, ते चमच्याचमच्याने वाटलं. मला वाटलं, आईला भरून आलंय. माझेही डोळे पाणावले. त्यानंतर दोन दिवस मी ड्रॉवरच्या फटींमधून दूध पुसत होते, आणि तरी मला काही सुचलं नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत आईचा स्वयंपाक बिघडला. भाकऱ्या तशाच सुंदर, पण आमटीत मोहरी कच्ची, नाहीतर लसूण करपलेला. आमच्या घरात असलं काही कधी झालं नव्हतं. ती चिमणी बंद करून टाकायची, मी येऊन पुन्हा लावायचे. "मग बसवलीय कशाला?" मी म्हणायचे. एकदा तेल इतकं तापलं की जिरं टाकल्या टाकल्या काळं झालं, आणि मी बोलून गेले, "आई, लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली, "नवा गॅस आहे, आच समजत नाही." नवरा डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होता. तो करपलेली आमटी मुकाट्याने दोनदा वाढून घ्यायचा.

मग एका सकाळी आई कपड्यांची पिशवी भरून दारापाशी खुर्चीत बसलेली दिसली.

"मला डोंबिवलीला सोड."

"का? मी उठवलं का तुला ओट्यावरून?"

"तू नाही. माझा हातच गेला. चव गेली हाताची. आता तुमच्याकडे नुसतं बसून खायला मी राहायची नाही."

मी रडले, चिडले, हातापाया पडले. सोमवारपर्यंत थांब, एवढंच कसंबसं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मला खरंच वाटलं होतं की आई म्हातारी झाली.

त्याच शनिवारी चिमणीच्या पाइपाचा सांधा सुटला. मेकॅनिकने येऊन बघितलं आणि नवा तुकडा आणेपर्यंत चिमणी लावू नका म्हणून सांगितलं. "दोन दिवस धूर होईल गं आई," मी ओशाळून म्हटलं. तिने पदर खोचला आणि ती ओट्याशी गेली.

मी दाराशी पाटावर बसून शेंगा मोडत होते. आईने कढईत तेल घातलं आणि मान जरा कलती केली, कान कढईकडे. चिमूटभर मोहरी टाकली. तडतड वाढली, मग विरळ झाली, आणि शेवटचा दाणा वाजल्यावर तिने जिरं टाकलं. हिंग टाकून एकदा नाक फुलवलं. कांदा घातला तेव्हा मोठा चर्र आवाज झाला. तो हळूहळू खाली येईपर्यंत ती ढवळत राहिली. मग डाव्या हाताची बोटं ओट्याच्या कडेकडेने सरकत मिठाच्या डब्यापर्यंत गेली. या सगळ्यात तिने एकदाही कढईत बघितलं नाही. तिची नजर समोरच्या टाइल्सवर होती. घरभर वास सुटला, थेट चाळीतला. आणि मला एकदम सगळं कळलं, दुकानातली वाकडी मान, खट्ट वाजणारी बटणं, उतू गेलेलं दूध, सगळं.

मी उठून तिच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईने माझ्याकडे तोंड केलं आणि मजेत विचारलं, "काय गं, झाल्या शेंगा?"

"आई, तुला दिसत नाहीये."

तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "कडेकडेचं दिसतं. मधलं जातं."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलेलं चाललं असतं तुला? ओट्याजवळ फिरकू दिलं असतंस मला?"

दिलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. नसतं दिलं. माझा स्वभाव मला माहीत आहे. हातात टीव्हीचा रिमोट देऊन तिला सोफ्यावर बसवलं असतं, आणि वर आपण केवढी सेवा करतोय म्हणून मिरवलं असतं.

"अगं, डोळ्यांनी कोण मेलं स्वयंपाक करतं?" आई म्हणाली. "मोहरी स्वतः ओरडून सांगते. कांद्याची कुरकुर थांबली की तो झाला. पण तुझं ते धूड वर घोंघावायला लागलं की मला काही ऐकू येत नाही. आणि वास तर माझ्यापर्यंत पोचायच्या आतच पळवतं ते."

तिच्यासाठी म्हणून मी जे जे हट्टाने केलं, त्यानेच तिचा स्वयंपाक तिच्या हातून काढून घेतला होता. मी तिला पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "पुरे, फोडणी गार होतेय."

ठाण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर गेली तेवढी परत येणार नाही, राहिली आहे ती इंजेक्शनांनी टिकवता येईल. दोन वर्षं आधी यायला हवं होतं. त्या शेवटच्या वाक्यावर मी आईशी दोन दिवस धड बोलले नाही. लपवल्याचा राग होताच, स्वतःचाही होता. सोमवार येऊन गेला. पिशवी मीच रिकामी केली आणि तिने करू दिली.

आता फोडणीच्या वेळी आमच्याकडे चिमणी बंद असते आणि खिडकी सताड उघडी. हॉबच्या वरची पांढरीशुभ्र कपाटं पिवळी पडायला लागलीत. ओट्याशी आई एकटी नसावी म्हणून मी आसपास घुटमळत असते. तिला तो पहारा वाटतो आणि ती तसं बोलूनही दाखवते. मी जीभ चावून उभी राहते, कारण आई ओट्याशी असताना मध्ये बोललेलं तिने कुणाचंच खपवून घेतलेलं नाही. बाबांनी एकदा 'आमटी जरा पातळ झालीय का?' एवढंच विचारलं होतं, तर त्यांना आठवडाभर सुरीने कापावं असं पिठलं मिळालं.

गेल्या रविवारी खाली रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलं होतं. उघड्या खिडकीतून हॉर्नचा नुसता गोंगाट येत होता. आई कोळंबीसाठी कांदा परतत होती. तिने कढईवर मान कलती केली, पुन्हा केली, कालथा थांबवून ऐकलं. मला दिसत होतं की तिच्या कानाला काही लागत नाहीये. मी बोलले नाही. बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं, तरी नाही बोलले.

मग आईने कढईवरची मान न उचलता म्हटलं, "बघ गं जरा. कांदा झालाय का?"

मी वाकून बघितलं, नीट बघितलं. "अजून जरा होऊ दे."

"बरं," आई म्हणाली, आणि ढवळत राहिली.