रोलचा रकाना

"यू आर नॉट अ सिस्टर हिअर, लव. यू आर एजन्सी."

इंग्लंडात साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलचा एक वॉर्ड, सकाळचे आठ. फोन केव्हाचा वाजत होता, कुणी उचलेना, म्हणून मी उचलला आणि सवयीनं बोलून गेले, "सिस्टर स्पीकिंग." परभणीत बारा वर्षं हेच म्हणत आले. आपल्याकडे नर्स म्हणजे सिस्टर. इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य, गडद निळ्या कपड्यातली. ती माझ्या मागेच उभी होती. माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेत तिनं सगळ्यांसमोर ते वाक्य टाकलं. दोघीतिघी हसल्या. चूक माझीच होती. मी सॉरी म्हटलं. तीनदा.

तिचं तेवढ्यावर भागलं नाही. "वुई हॅव इनफ नर्सेस टुडे," म्हणाली. औषधांच्या कपाटाची किल्ली परत घेतली आणि मला पेशंटांना शौचाची भांडी द्यायच्या-उचलायच्या कामाला लावलं.

मी गेले. काय करणार? लंडनच्या टोकाला इल्फर्डमध्ये दोघींत एक खोली आहे माझी. नर्सा पुरवणारी एजन्सी पाठवेल त्या गावाला जायचं. आदल्या संध्याकाळी कोच म्हणजे लांबची बस पकडायची, कुणाच्या तरी घरात भाड्याच्या खोलीत पडायचं, सकाळी शिफ्टला हजर. कधी कोचमध्ये बसल्यावर मेसेज येतो, शिफ्ट कॅन्सल्ड. माझी अकरा वर्षांची मुलगी परभणीत आईजवळ आहे. सलग पगार दाखवल्याशिवाय तिला इकडे आणता येत नाही. आणि पुढच्या सोमवारपासून ब्रिस्टलला सहा आठवड्यांचं सलग काम, इथे त्याला ब्लॉक म्हणतात, मला मिळणार होतं. त्या वॉर्डात नंतर कायमची जागाही निघणार होती. ते हातचं जाऊ नये म्हणून मी मान खाली घालून भांडी उचलली. लाचार झाले होते. खोटं कशाला सांगू?

भांड्याची मला लाज नाही. नर्सला ते करावंच लागतं. आणि माझ्या आईनं सिव्हिल हॉस्पिटलात जन्मभर तेच केलं. तिथे अशा बाईला नाव नसतं. लहान-थोर सगळे तिला मावशी म्हणतात. ए मावशी, इकडं पुसून घे. ए मावशी, भांडं आण. सख्ख्या मावशीला कुणी अशी हाक मारतं का? आईला एकच ध्यास होता, पोरगी सिस्टर झाली पाहिजे. माझा नर्सिंगचा रिझल्ट लागला तेव्हा मला वॉर्डात नेऊन ती प्रत्येक खाटेपाशी सांगत सुटली, "हिला सिस्टर म्हणा बरं का."

अकरा वाजता डॉक्टर राउंडला आला. मूळचा पुण्याचा, वयानं माझ्याएवढाच. झाकलेलं भांडं घेऊन मी धुवायच्या खोलीकडे निघाले होते. त्यानं माझा बिल्ला वाचला. नाव, मग आडनाव. आडनावावर नजर जरा जास्तच थांबली. ती नजर मी शाळेत असल्यापासून ओळखते. मग मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाला,

"काय मावशी, कुठल्या तुम्ही?"

"परभणीची. मी नर्स आहे, सर."

"हो का? असू दे. तुम्हा लोकांना सवय असेलच या कामाची."

वॉर्डात कुणालाच काही कळलं नाही. दोन गाववाले भेटले असं वाटून सिस्टर हसलीसुद्धा. तिनं मला हिणवलं, पण मी कोण हे तिला माहीत नव्हतं. यानं माहीत करून घेऊन हिणवलं. एवढा समुद्र ओलांडून मी इथे आले, आणि तो शब्द माझ्या आधी येऊन बसला होता. मी धुवायच्या खोलीचं दार लावलं आणि रडले. भयंकर राग आला होता. स्वतःचाही आला होता, कारण मी त्याला 'सर' म्हटलं होतं.

शिफ्ट संपली. सिस्टरनं टाइमशीट भरून पुढे केली. रोलच्या रकान्यात लिहिलं होतं, हेल्थकेअर असिस्टंट. म्हणजे मदतनीस. म्हणजे पगार जवळजवळ अर्ध्यावर.

"आय वॉज बुक्ड ॲज अ नर्स," मी म्हटलं.

"यू डिडंट डू एनी नर्सिंग टुडे, डिड यू?"

मी बाहेर येऊन एजन्सीला फोन लावला. तिथे नेहा शिफ्ट देते. इथेच जन्मलेली पोर, आजी-आजोबा सांगलीचे.

"ताई, प्लीज साइन करून टाका ना. त्यांनी कम्प्लेंट केली तर माझा बॉस ब्रिस्टलची ब्लॉक दुसऱ्याला देणार. जस्ट वन शिफ्ट आहे, ताई."

पोरगी वाईट नव्हती. घाबरलेली होती, माझ्यासारखीच.

पेन हातात घेतलं आणि मला आईचा अंगठा आठवला. काम कायमच्या बाईचं, पण कागदावर ती रोजंदारीवर. दर महिन्याला कारकून कागद पुढे सरकवायचा. वर काय लिहिलंय ते सांगायचा नाही. आई अंगठा द्यायची आणि घरी येऊन ती शाई घासत बसायची. काम सुटलं तेव्हा पेन्शन मागायला गेली. कारकून म्हणाला, तू इथे कायम कधी होतीस? सगळ्या कागदांवर तिचाच अंगठा होता.

मी सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं, मी नर्स म्हणून आले होते, औषधांची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, वरचा रोल खोटा आहे. फोटो काढून नेहाला पाठवला. मग हॉस्पिटलला तक्रार लिहायला बसले. डॉक्टरचं वाक्य आधी मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत. 'मावशी'पाशी अडले. आंट लिहिलं असतं तर त्यांना ते प्रेमाचं वाटलं असतं. म्हणून शब्द तसाच ठेवला आणि तो आमच्याकडे कुणाला, कसा म्हणतात ते चार ओळींत सांगितलं.

ब्रिस्टल गेलं. "सॉरी ताई, ब्लॉक गेली," नेहाचा मेसेज आला. त्याला तीन आठवडे झाले. एजन्सीचा फोन नाही. तक्रारीला उत्तर नाही. मुलगी व्हिडिओवर विचारते, मी कधी येऊ? आधी मी सांगायचे, उन्हाळ्यात. आता माहीत नाही म्हणते. आई मागून म्हणाली, "करून टाकायची होतीस गं सही."

दुसऱ्या एजन्सीत नाव घातलंय. तक्रार पुन्हा पाठवलीय, उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार. शिफ्ट कुठल्याही गावची द्या, जाईन. भांडं कुणाचंही असो, उचलीन. पण रोलच्या रकान्यात नर्स लिहिलेलं असेल, तरच खाली माझी सही मिळेल.

आईला कागद वाचता येत नव्हता. मला येतो.