चिलखताची कडी

किल्ल्यांच्या जुडग्यातली तारेची कडी बोटाला लागली की ती जत्रा आठवते. आम्ही दुबईत नवे होतो. लेक शाळेत रुळत नव्हती, घरीही गप्प असायची, म्हणून तिला जुन्या युरोपाच्या जत्रेला नेलं. प्लायवूडचा किल्ला आणि घामेजलेले सरदार बघून मला हसू येत होतं. लुटुपुटीच्या झुंजीआधीच तिच्या लाडक्या सरदाराचं कड्यांचं चिलखत खांद्यावर उसवलं. झुंज रद्द होणार म्हणून तिचे डोळे भरले.

तेवढ्यात पहारेकऱ्याच्या वेषातले एक चाचा पक्कड घेऊन आले. "हे तर मासळीचं जालंच! हर्णैला रोज सांधायचो. हबीबी, बस खाली." सरदार मुकाट बसला. चाचांनी कडीत कडी गुंतवत भोक बुजवलं आणि उरलेली कडी लेकीला दिली.

"बाबा, चाचा वॉज नॉट अ‍ॅक्टिंग," झुंज संपल्यावर ती म्हणाली.

इतकी नेमकी समीक्षा मला जमली नसती. मी फक्त "मग?" म्हटलं. घरी पोहोचेपर्यंत ती बोलतच होती.