नलिनी सोशिक नव्हती

नलिनी गेल्याचं मला तिच्या थोरल्या भावाने फोनवर सांगितलं. "शांतपणे गेली," तो म्हणाला. "आयुष्यभर सोशिकच होती." पुढे अंबरनाथला शोकसभा झाली, तिथेही तेच. तिची भूतदया, तिचा शांत स्वभाव... समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या निम्म्या लोकांनी तिला चाळीतून हुसकवायचा प्रयत्न केला होता आणि या भावाने कित्येक वर्षं तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मी तिच्याबरोबर एकाच शाळेत शिकवलं, म्हणून लिहिते आहे. नलिनी सोशिक नव्हती. ती संतापी होती आणि तिचा संताप योग्य होता.

ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेच्या वाटेवर, औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता. मालकाने राखणीला ग्रेट डेन आणला होता. वासराएवढा कुत्रा, गेटजवळ आखूड साखळीने बांधलेला. एवढं वजन रात्रंदिवस सिमेंटवर टाकून त्याच्या कोपरांना जखमा झाल्या होत्या. मग कारखान्याला टाळं लागलं. मालक मुंबईला गेला, वॉचमन गावी गेला आणि कुत्रा साखळीवर तसाच राहिला. लोक थांबून बघत, "च् च्" करत आणि पुढे जात. नलिनीने शेजारच्या वर्कशॉपमधून लोखंड कापायची करवत मागून आणली, कुंपणातून आत शिरली, साखळी कापली आणि त्या हाडांच्या सापळ्याला चालवत बुवापाड्याच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्याचं नाव ठेवलं सोन्या.

मग तिने त्याला वाढवला, म्हणजे खरोखर वाढवला. बदलापूरच्या शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा आणून गोणपाटाची गादी शिवली, कोपरांना रोज हळद-तेल लावलं. अशा मोठ्या कुत्र्याने घाईने खाऊन उड्या मारल्या तर पोट फुगून जीव जातो, म्हणून दिवसातून तीनदा थोडं थोडं भरवायची आणि जेवणानंतर तासभर त्याच्याशेजारी बसून राहायची. जिच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं ती बाई पिशवी घेऊन कॅम्प पाच वस्तीतल्या मटणाच्या दुकानात उभी राहायची. दुकानदार हाक मारायचा, "आओ टीचर, आपके शेर का अलग रखा है." भावाला हे कळलं आणि त्याने येणं बंद केलं. चाळीत कुजबुज सुरू झाली की बाईचं लग्न झालं नाही, म्हणून हे वेड. कुणीतरी दारात फटाक्यांची माळ लावली. सोन्या दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही. अंगाने भरला तरी तो भित्राच होता. राखणीच्या नावाखाली त्याच्यातली सगळी हिंमत कधीच मारून टाकली होती.

वर्षभराने मालक आला. बदलापूरला बंगला बांधत होता, राखण हवी होती. बरोबर हवालदार, हातात नवी कोरी साखळी आणि नलिनीला समजवायला मुद्दाम बोलावून आणलेला तिचा भाऊ.

"मॅडम, कुत्रा माझा आहे. खानदानी आहे, पेपर आहेत माझ्याकडे."

"उपाशी मरत होता तेव्हा कुठे होते पेपर?"

"नले, देऊन टाक," भाऊ म्हणाला. "लोकांसमोर शोभा नको."

चाळ जमली होती आणि सगळी चाळ मालकाच्या बाजूने होती. मालकाने साखळी वाजवली. एका पंजाने माणूस आडवा करेल एवढा तो कुत्रा जागच्या जागी मुतला आणि नलिनीच्या मागे लपायला गेला. मावत नव्हता, तरी अंग चोरत राहिला. नलिनी आत गेली, ती जुनी कापलेली साखळी आणली आणि मालकाच्या बुटांवर टाकली. "तुमचं एवढंच होतं माझ्याकडे. उचला आणि चालते व्हा."

हवालदार बराच वेळ कुत्र्याकडे बघत होता. "साहेब, चला," तो म्हणाला. "हा येणार नाही आणि मी ओढणार नाही."

सोन्या पुढे सहा-सात वर्षं जगला. अशा कुत्र्यांना आयुष्य तेवढंच असतं. पंच्याण्णवच्या आसपास तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. भाऊ भेटायला आला आणि म्हणाला, "सुटलीस." त्यानंतर नलिनी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. हे मात्र शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

परवा तिची पुस्तकं घ्यायला गेले. खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून भावाने रंगकाम काढलं होतं. ती जमिनीवर बसून वह्या तपासायची त्या भिंतीवर दोन काळपट डाग होते, एक तिच्या तेल लावलेल्या डोक्याचा आणि त्याला लागूनच दुसरा, सोन्याच्या खांद्याचा. तिने ते कधी पुसू दिले नव्हते. रंगाऱ्याने दोनदा हात मारला होता.

"तेलकट आहे बाई," तो म्हणाला. "कितीही मारा, वर येतंच."

मी त्याला म्हटलं, "येऊ दे."