कोंडातले मासे आणि डावं रूप

कायरल टेस्टचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा सँपल पोलादपूरजवळच्या वाडीत पोचलंसुद्धा होतं. तिथल्या महादूदादांच्या भातावर फवारणी त्याच सकाळी ठरलेली.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत क्यूसी बघते. माल गेटबाहेर पडण्याआधी त्यात खोट काढायची, हा माझा पगारी धंदा. आमच्या कीटकनाशकाच्या रेणूची दोन रूपं असतात, उजव्या-डाव्या चपलेसारखी. रबर तेच, नंबर तोच, पण एक दुसऱ्या पायात चढत नाही. उजवं रूप भातावरचे तुडतुडे मारतं. डावं तुडतुड्यांचं फारसं काही बिघडवत नाही, मासे मात्र मारतं. साध्या टेस्टला दोन्ही एकच दिसतात. ती वेगळी ओळखणाऱ्या कायरल टेस्टला वेळ लागतो, आणि मार्केटिंगच्या सावंतांना वेळ कुठला! साधा रिपोर्ट पास दिसला, बाटली घेऊन गेले.

इकडे प्लांटवाल्यांनी यील्ड वाढावं म्हणून मदर लिकर, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरलेलं द्रावण, परत बॅचमध्ये घातलेलं. डावं रूप त्यातच साचतं. मी तडक प्लांट हेडकडे गेले.

"प्युरिटी तर पास आहे ना?" सर म्हणाले.

"प्युरिटी पासच आहे, सर. पण डावं रूप भरमसाट आहे, आणि त्या शेताच्या खाली देवाचा कोंड आहे."

कोंड म्हणजे नदीतला डोह. तिथले मासे देवाचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, उलट लोक कुरमुरे टाकतात. महादूदादांच्या खाचरातलं पाणी थेट तिथंच उतरतं. ते मासे मेले, तर दादांना गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. सरांनी गाडी दिली.

सावंतांचा फोन बंद, वाडीला रेंज नाही. रस्ताभर सावंतांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहिता येणार नाही.

दादा ओट्यावर बसले होते. फवारणीचा पंप शेजारी, कोरडा.

"दादा, फवारलंत?"

"नाय ओ मॅडम. आज सोमवार हाय. आमच्या गावात सोमवारी शेतात काम नाय करत कोण. बाटली घेऊन आलेल्या तुमच्या सायबांना तवाच बोललो, तर हसले."

जिवात जीव आला. मी तिथंच ओट्यावर बसले आणि चक्क रडले. काकूंनी न विचारता कोरा चहा आणून दिला. सील न फोडलेली बाटली मी ताब्यात घेतली आणि दादांना खरं काय ते सांगितलं. ते खाली कोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायबांना सांगा, आता हसा म्हणावं."

हायवेला रेंज आल्यावर सरांना फोन लावला. फवारलं नाही आणि का नाही, ते सांगितलं.

"देव पावला," ते म्हणाले.

"पावला, सर. पण आठवड्यात बाकीचे सहा वार आहेत."

आता कायरल रिपोर्टशिवाय आमच्या गेटमधून सँपलची बाटलीही बाहेर पडत नाही. सोमवारीसुद्धा.